शेवटी वाचणारे मुरलीभाऊ

शारजातल्या आमच्या मराठी मंडळींत मुरलीधर खांबेटे ह्यांचा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि त्यांनी लिहिलेली एक ओळ ऐकलीय असाही माणूस सापडणार नाही. त्याला कारण आहे. मुरलीभाऊंचा आवाज ऐकू येतो तो कार्यक्रमाच्या अगदी शेवटी, जेव्हा लोक एका पायानं चपला शोधत असतात. "आता मी आपला फार वेळ घेणार नाही," असं ते म्हणतात. मराठी सभेत हे वाक्य म्हणून ते पाळणारा हा एकच माणूस, कारण त्यांच्या वाट्याला घ्यायला वेळ उरलेलाच नसतो. मग ते सगळ्यांचे आभार मानतात आणि दिवे जातात. दिवे अलीमियाँ घालवतात. ते वॉचमन आहेत आणि त्यांना हॉल बंद करायचा असतो.

'खाडीकाठ कट्टा' हे आमच्या साहित्यिक उपद्व्यापाचं नाव. महिन्यातल्या एका शनिवारी अल मजाजमधल्या एका बिल्डिंगच्या पार्टी हॉलमध्ये आम्ही जमतो आणि आपापलं लिखाण एकमेकांना ऐकवतो. लिहिणारे पुष्कळ, ऐकणारे बेताचे. खरं सांगायचं तर ऐकणारा म्हणजे ज्याची पाळी अजून यायची आहे असा लिहिणारा. पाळी झाली की तो "जरा पार्किंग बघून येतो" म्हणून खाली उतरतो. शारजात पार्किंग बघायला गेलेला माणूस परत आला नाही तर कुणी मनाला लावून घेत नाही.

हा सगळा डोलारा मुरलीभाऊंच्या खांद्यावर उभा. हॉल ते ठरवतात, खुर्च्या ते मांडतात, दुबईहून येणारे कवी ट्रॅफिकमध्ये अडकले की फोनवरून धीरही तेच देतात. "कुठे पोचलात? अजून अल नहदालाच? काही हरकत नाही, या सावकाश. तुमची कविता थोडी मागे घेतो." एकाची कविता मागे घेतली की दुसऱ्याची पुढे घ्यावी लागते, आणि पुढे घेतलेला कवी मागच्या कवीवर रुसतो. त्या दोघांच्या मधे मुरलीभाऊ, गाद्यांच्या गठ्ठ्यात चेपलेल्या उशीसारखे.

वाचनाचा क्रम ठरलेला. आधी पाहुणे, मग ज्येष्ठ, मग बायका (ह्यावर दर वेळी वाद होतो), मग मुलं (ती इंग्रजीतच वाचतात आणि आया टाळ्या वाजवतात), मग नवोदित, आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, संयोजक. मराठी माणसानं अध्यक्षपद, सत्कार आणि शाल ह्यांवरून भांडावं. पण संयोजकानं आपलं लिखाण आधी वाचावं हे आमच्यात शोभत नाही. घरच्या बाईनं पंगतीला आधी बसण्यासारखं ते आहे. मुरलीभाऊंना तर ते स्वप्नातही सुचणार नाही.

आणि त्यांच्याकडे वाचायला होतं. एक गोष्ट होती. एकच. पारदर्शक प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ती ते प्रत्येक कट्ट्याला आणायचे, खुर्च्या मांडताना खिडकीत ठेवायचे आणि शेवटी काखेत मारून घरी न्यायचे. एकदा ते उभे राहिले, चष्मा लावला, "गोष्टीचं नाव आहे..." इतकं म्हणाले, आणि मागचं दार उघडून मिसळीचं पातेलं आत आलं. नाव राहिलं बाजूला. "मुरलीभाऊ, रस्सा गार होतोय हो!" असं कुणीतरी प्रेमानं ओरडलं. मुरलीभाऊंनी चष्मा काढला आणि मिसळ करणाऱ्यांचे आभार मानले.

मी त्यांना एकदा म्हटलं, "द्या ना मला, घरी नेऊन वाचतो."

"वाचायला कशाला? ऐका ना." मग थोडं थांबून म्हणाले, "शेवटपर्यंत. एकदा कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावी, बस. आवडली नाही तरी चालेल. आपण वाचणार, समोरची माणसं बसून राहणार, आणि गोष्ट संपणार. फार नाही ना मागत?"

फार नव्हतेच मागत. पण हा माणूस मागतो कधी तेच कळत नाही. आठवडाभर शारजा औद्योगिक क्षेत्रात एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं बघायची, कुठे कंटेनर अडकला की डोंगर ओलांडून खोर फक्कानच्या बंदरावर जायचं, तिथल्या साहेबाच्या 'इन्शाल्ला'चा अर्थ आज की पुढच्या आठवड्यात ह्याचा अंदाज घेत बाकावर बसायचं आणि परत यायचं. दमलेला माणूस बसला की दमलेला दिसतो. मुरलीभाऊ उभे असले तरी बसल्यासारखे दिसतात.

घरातही तीच गत. शोभनावहिनींनी नवऱ्याची गोष्ट ऐकली नव्हती, कारण कट्ट्यावर नवऱ्याची पाळी येते तेव्हा त्या पेपरप्लेटा मोजत असतात. घरी विचारलं की हे म्हणायचे, "कट्ट्यावर ऐकशीलच की." वहिनींनी नाद सोडला होता. "ह्यांची गोष्ट म्हणजे बिल्डिंगचा जिम," त्या मला म्हणाल्या. "आहे, असं सगळे म्हणतात."

अशात केया स्कॉटलंडला गेली. केया ही खांबेट्यांची एकुलती एक. जन्म शारजाचा, शाळा शारजाची, मराठी समजतं सगळं, उत्तर इंग्रजीत. ग्लासगोला मास्टर्स करायला गेली आणि दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर बापाला तिकडचे साहित्यिक चमत्कार सांगायला लागली. एका कॉलच्या वेळी मी तिथं चहाला होतो.

"बाबा, इथे लायब्ररीत रायटर्स ग्रुप आहे. कॅफेमध्ये ओपन माइक असतो. कुणीपण नाव देतं. एव्हरीवन गेट्स देअर टर्न."

"आणि संयोजक?"

"ती पण वाचते. शी वेंट फर्स्ट, ॲक्चुअली."

मुरलीभाऊंनी कप बशीत ठेवला. "पहिली?"

"आणि रेझिडेन्सी असतात. डोंगरात एक घर देतात. रायटरनं तिथं जाऊन राहायचं. महिनाभर."

"करायचं काय?"

"लिहायचं."

"ते झालं. पण काम काय?"

"बाबा, दॅट इज द काम."

"आणि जेवण?"

"देतात."

"कोण करतं?" हे वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"देअर्स अ कुक, आई."

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. "मग ह्यांचं राहू दे. मला लिहायला येतं का बघ."

मग केया सांगत गेली. नव्या लेखकांना वर्षभर कुणी जाणता लेखक हाताशी धरून शिकवतो. छोट्या छोट्या गावांत पुस्तकांचे उत्सव होतात, पावसात तंबू ठोकून. लोक तिकीट काढून येतात आणि लेखकाला प्रश्न विचारतात. मुरलीभाऊ ऐकत होते. माणसं दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नातल्या जेवणाचं वर्णन ऐकतात तसे. छान छान म्हणत, आणि आपल्याला बोलावणं नाही हे माहीत असल्यासारखे.

"महिना नको ग मला," ते शेवटी म्हणाले. "महिनाभर लिहायला बसवलं तर मी झोपेन. दहा मिनिटं मिळाली तर बघ."

ते बोलून गेले आणि विसरले. केया विसरली नाही. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका गावातल्या लायब्ररीचा कार्यक्रम तिनं शोधून काढला. शनिवारी दुपारी, ऑनलाइन. जगात कुठूनही, कुठल्याही भाषेत वाचा. प्रत्येकाला दहा मिनिटं. इंग्रजी भाषांतर पाठवलंत तर तुम्ही वाचत असताना ते पडद्यावर सरकत राहील. केयानं बापाकडून पानांचे फोटो मागवले, वसतिगृहातल्या पुण्याच्या मुग्धाला शेजारी बसवलं आणि दोघींनी मिळून भाषांतर केलं. बापाचं नाव परस्पर देऊन टाकलं.

तो शनिवार आमच्याकडे संध्याकाळ होता. मुरलीभाऊंना नेमकं त्याच दिवशी सकाळी खोर फक्कानला पाठवलं होतं. कार्यक्रम सुरू व्हायच्या जरासं आधी ते घरी आले, शर्टाची पाठ घामानं चिकटलेली. आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, खाली बर्म्युडाच ठेवली आणि जेवणाच्या टेबलापाशी लॅपटॉपसमोर बसले. मला वायफाय आणि दिवा ह्यांवर देखरेख करायला बोलावलं होतं. वहिनी आणि मी लॅपटॉपच्या मागे सोफ्यावर बसलो, म्हणजे ते आम्हाला दिसत होते आणि पडदा भिंतीवरच्या टीव्हीला जोडला होता तो सगळ्यांनाच दिसत होता.

पडद्यावर स्कॉटलंडची माणसं आपापल्या घरी चौकोनाचौकोनात बसली होती. कुणाच्या हातात कप, कुणाच्या मांडीवर मांजर. लायब्ररीच्या मोरॅगबाई सूत्रसंचालन करत होत्या. पांढरे केस, मोठा स्वेटर, आणि चेहऱ्यावर असा भाव की खुर्च्या मांडायची वेळ आली तर ह्याच मांडत असणार. त्यांनी सुरुवातीलाच आपली एक छोटी कविता वाचली. मुरलीभाऊंनी आमच्याकडे बघून भुवया उंचावल्या.

एकानं मेंढ्यांवर काहीतरी वाचलं. मग एक तरुण मुलगी गेलिकमध्ये वाचायला लागली. ती त्यांच्याकडची जुनी भाषा, बोलणारे थोडे उरलेत. ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ती येत नसावी, पण सगळे हलायचे थांबले होते. पार्किंग बघायला कुणीच गेलं नाही.

मधेच मोरॅगबाई म्हणाल्या, "मुरलीधर, एकांना दुकान उघडायला लवकर जायचंय. तुमची पाळी शेवटी घेतली तर चालेल का?"

"नो प्रॉब्लेम," मुरलीभाऊ म्हणाले. त्यांच्या तोंडून ते आपोआपच निघतं.

इथं घात झाला. सकाळपासूनचा प्रवास, डोंगरातलं ऊन, त्यात समोरच्या माणसांचे संथ आवाज. एकेकाचं वाचन होत गेलं तसे मुरलीभाऊंचे डोळे मिटत गेले. शेवटी मोरॅगबाईंनी मुरलीभाऊंचं नाव घेतलं, शारजाहून आलेत म्हणून कौतुक केलं, केयानं पडद्यावर भाषांतराचं पहिलं पान लावलं, आणि मुरलीभाऊ जागच्या जागी ताठ झाले. कार्यक्रमाच्या शेवटी त्यांच्या हातात माइक आल्यावर त्यांच्या जिभेला जगात एकच गोष्ट माहीत आहे.

"नमस्कार," ते खणखणीत मराठीत म्हणाले. "आता मी आपला फार वेळ घेणार नाही. आजच्या या सुंदर कार्यक्रमासाठी मी सर्वप्रथम आदरणीय मोरॅगताईंचे मनःपूर्वक आभार मानतो..."

वहिनींनी माझा दंड पकडला.

पडद्यावर इंग्रजीत पहिलं वाक्य आलं. एक माणूस बंदरावरून घरी निघाला आहे, गाडीत. चौकोनातली माणसं पुढे सरकून वाचू लागली.

"लायब्ररीनं हा हॉल... म्हणजे ही जागा, उपलब्ध करून दिली त्याबद्दल..."

मी दोन्ही हात हलवले. आता हे मराठी सभेचं शास्त्र आहे: आभार मानणाऱ्याला समोरून कुणी हातवारे केले तर त्याचा अर्थ एकच होतो, कुणाचं तरी नाव राहिलं. मुरलीभाऊंनी माझ्याकडे बघून समजूतदारपणे मान डोलावली.

"तसंच, ज्यांनी मेंढ्यांवर इतकं हृद्य लेखन सादर केलं त्या बंधूंचे..."

वहिनींनी हवेत पान उलटून दाखवलं. मुरलीभाऊंना मांजर आठवलं. त्यांनी मांजराच्या मालकिणीचेही आभार मानले. दुकान उघडायला गेलेल्यांचे मानले, त्यांच्या अनुपस्थितीत. "ज्यांनी खुर्च्यांची व्यवस्था केली," असं म्हणून ते क्षणभर थबकले, कारण प्रत्येक जण आपापल्याच खुर्चीत बसला होता. पण "त्या सर्वांचे," म्हणून पार पाडलं. टेबलावरचा त्यांचा फोन थरथरत होता. तो ते कार्यक्रमात सायलेंटवर ठेवतात आणि बघत नाहीत. केयाचा संदेश होता हे आम्हाला नंतर कळलं: 'बाबा स्टोरी!! स्टोरी वाचा!!' बिचारी एकीकडे हे पाठवत होती आणि दुसरीकडे भाषांतर सरकवत होती, कारण ते थांबवलं तर सगळ्यांनाच कळलं असतं.

आणि स्कॉटलंड वाचत होतं. मुरलीभाऊंच्या तोंडून आभार ऐकत, पडद्यावरची गोष्ट वाचत होतं. सरावलेला आवाज तो, चढउतार व्यवस्थित. "आपल्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हतं" ह्या वाक्याला मुरलीभाऊंचा आवाज नेहमी थोडा भरून येतो. तसा आला. नेमकं तेव्हाच पडद्यावर काहीतरी घडलं असावं, कारण एका चौकोनातल्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

"...आणि कार्यक्रम संपला असं जाहीर करतो. धन्यवाद." मुरलीभाऊंनी चष्मा काढला.

भाषांतरही संपलं. टाळ्या वाजल्या, खऱ्या.

मुरलीभाऊंनी खाली बघितलं. फोल्डर तिथंच होतं, न उघडलेलं. त्यांच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला तो मी बघितला. रागावलेले नव्हते. बस चुकलेला माणूस पुढची कधी आहे हेसुद्धा विचारत नाही, नुसता बाकावर बसतो, तसे दिसत होते.

"अहो," वहिनी हळूच म्हणाल्या.

"खलास," मुरलीभाऊ पुटपुटले. "वाचलीच नाही मी."

ते मराठीत होतं, म्हणून कुणाला कळलं नाही. मोरॅगबाई विचारत होत्या, कुणाला काही बोलायचंय का? एका चौकोनातल्या आजोबांनी हात वर केला. नाव हेमिश. म्हणाले, मी पस्तीस-चाळीस वर्षं बस चालवली, आमच्या डोंगरांत. मग कॅमेऱ्याजवळ सरकले. म्हणाले, "तुमच्या माणसानं केलं ते मी केलंय. दोनदा. घरी कधी सांगितलं नाही."

मुरलीभाऊंनी मान वर केली.

"ते एक वाक्य आहे," हेमिशआजोबा म्हणाले, "तो गाडी बंद करतो तिथलं. ते तुमच्या भाषेत कसं ऐकू येतं? मला तेवढंच पुन्हा ऐकायचंय. मघाशी कुठलं ते मला कळलं नाही."

कळणार कसं? केयाचा चौकोन कोपऱ्यात होता. तिनं तोंडावर हात धरला होता.

मुरलीभाऊ खरं सांगतील असं मला वाटलं. त्यांनी तोंड उघडलंही. पण त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांचं एक वाक्य मागितलं होतं, आणि मागणाऱ्याला ताटकळत ठेवण्याची त्यांना सवय नाही. त्यांनी फोल्डर उघडलं. पानं घामेजल्या बोटांना चिकटत होती. चष्मा लावला.

"त्यानं गाडी बाजूला घेतली, बंद केली," ते वाचू लागले, "आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कुठंच जायचं नव्हतं."

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात चढउतार नव्हता. हळू होता, घोगरा, सकाळपासून कुणाशी न बोललेल्या माणसासारखा.

"गो ऑन," हेमिशआजोबा म्हणाले.

मोरॅगबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं. मुरलीभाऊ पुढे वाचत गेले. गोष्टीत फार काही नाही. खोर फक्कानहून परतणारा एक कारकून बोगद्याच्या अलीकडे गाडी थांबवतो आणि नुसता बसतो. समोर उघडा डोंगर. एक बकरी येते, गाडीचा वास घेते, जाते. फोन वाजतो. तो बघतो, उचलत नाही. पुन्हा वाजतो. सूर्य डोंगरामागे जातो. मग तो आरसा नीट करतो, गाडी सुरू करतो आणि बोगद्यात शिरतो. संपली.

समोरची माणसं बसून राहिली होती. केया रडत होती आणि हसत होती. हेमिशआजोबांनी मान हलवली, एवढंच. मोरॅगबाई म्हणाल्या की आमच्या वेबसाइटवर ही गोष्ट दोन्ही भाषांत घ्यायची आहे, मेल पाठवते. मुरलीभाऊ "ओके, ओके" म्हणाले आणि लॅपटॉप बंद करायच्या ऐवजी नुसता झाकला.

खाली खाडीकाठी दिवे लागले होते. मी उठावं की बसावं ह्या विचारात होतो. वहिनी टेबलाशी गेल्या, पानं गोळा करून सारखी करू लागल्या.

"फोन कुणाचा होता?" त्यांनी विचारलं. "गोष्टीतला."

"बायकोचा," मुरलीभाऊ म्हणाले.

"आणि त्यानं उचलला नाही."

"नाही."

"मग पुढे काय झालं त्याचं?"

"पुढे काय व्हायचंय?" मुरलीभाऊंनी डोळे चोळले. "घरी गेला. जेवला. सोमवारी ऑफिस."

वहिनींनी पानं फोल्डरमध्ये घातली.

"जेवला नव्हता नीट," त्या म्हणाल्या. "आमटी दोनदा गरम केली होती मी. भात तसाच टाकला होतात. मी म्हटलं, बाहेर काहीतरी खाल्लं असेल."

मुरलीभाऊंनी त्यांच्याकडे बघितलं.

"पुन्हा थांबलात," वहिनी म्हणाल्या, "तर उचलू नका फोन. पण नुसता एक मेसेज टाका. थांबलोय म्हणून." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भावजी, जेवूनच जा आता. भात आहे."